टवका उडालेल्या दाताची डागडुजी: डेंटल बाँडिंग म्हणजे नेमके काय?

शाळेतल्या नळाला तोंड लावून पाणी पिताना मागून धक्का बसला आणि समोरच्या दाताचा कोपरा उडाला, अशी कहाणी असलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत एक-दोन तरी निघतातच. मीही त्यांपैकीच एक. असा दात दुखत नाही, खाता येते, बोलता येते. फक्त फोटो काढताना ओठ आपोआप मिटतात. पूर्वी यावर एक तर दात चहूबाजूंनी घासून कॅप बसवायची, नाही तर आहे तसे चालवून घ्यायचे. अलीकडे मात्र तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये ‘एका बैठकीत नवे हसू’, ‘स्माईल मेकओव्हर’ अशा जाहिराती झळकू लागतात, आणि त्यांच्या पोटात बहुधा ‘बाँडिंग’ हा शब्द असतो. मग प्रश्न पडतात. हे चिकटवतात म्हणजे काय करतात? खऱ्या दाताचे नुकसान होते का? आणि रोजची भाकरी-पोळी खाऊन ते टिकते तरी किती?

दाताच्या रंगाचा मऊ लगदा दातावर चिकटवायचा, त्याला हवा तो आकार द्यायचा आणि प्रकाशाने तो कडक करायचा, एवढेच बाँडिंग. या लगद्याला कॉम्पोझिट म्हणतात. चिकट राळेसारखे प्लास्टिक आणि त्यात कालवलेली काचेची व सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असे त्याचे स्वरूप असते, आणि वजनाने पाहिले तर त्यात पुडीचाच वाटा मोठा, साधारण तीन चतुर्थांश असतो. दाढेतली कीड काढून तिथे पांढरे ‘सिमेंट’ भरले असे आपण म्हणतो, तेही बहुतेक वेळा हेच कॉम्पोझिट असते. जाहिराती या लगद्याच्या कंपनीविषयी आणि त्याच्या चकाकीविषयी भरभरून बोलतात. माझ्या मते मात्र बाँडिंगचे यशापयश लगद्यापेक्षा दात आणि लगदा यांच्यामधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सांध्यावर अधिक अवलंबून असते, म्हणून आधी तो सांधा समजून घेऊ.

ओल्या, गुळगुळीत दाताला काही चिकटणार कसे?

दाताच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचाला इनॅमल म्हणतात. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड जसे जुळून येते तसे इनॅमल पुन्हा वाढत नाही. उडालेला टवका कायमचा गेला. शिवाय ते काचेसारखे गुळगुळीत असते आणि लाळेने सतत ओले असते. चिकटवणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट पृष्ठभाग शोधून सापडायचा नाही.

पंक्चर काढणाऱ्याचे काम आठवा. तो ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो, जागा कोरडी पुसतो, कानशीने खरवडतो, सोल्यूशन लावतो, ते थोडे वाळू देतो आणि मगच पॅच दाबतो. खरवडण्याचे काम त्याने टाळले, किंवा सोल्यूशन लावल्यावर ट्यूबवर पाण्याचा थेंब पडला, तर पॅच कितीही महागाचा असला तरी पुढच्या चौकापर्यंतही टिकत नाही. बाँडिंगमध्येही क्रम हाच असतो, फक्त कानशीच्या जागी आम्ल वापरतात.

ही कल्पना अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात काम करणाऱ्या मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्यक संशोधकाची. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. तोच प्रयोग त्यांनी दातावर केला आणि १९५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. आम्लाने इनॅमलवरची खनिजे किंचित विरघळतात आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे तयार होतात. त्यांत पातळ राळ झिरपते आणि तिथेच कडक होऊन हजारो बारीक मुळ्यांसारखी रुतून बसते. गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याला टाकी लावून घेतल्यावर वाटण कसे धरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे अमेरिकेतल्याच राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये ‘बिस-जीएमए’ नावाच्या राळेचे पेटंट मिळवले, आणि आजही अनेक कॉम्पोझिट्सचा पाया तीच राळ आहे.

इनॅमलच्या आतल्या पिवळसर थराला डेंटिन म्हणतात. त्यात सुमारे ७० टक्के खनिज, बाकी कोलॅजन नावाचे प्रथिनांचे धागे आणि पाणी असते. त्यामुळे तिथे सांधा जमवणे अवघड होते. आम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या जाळ्यात राळ मुरवून दोहोंचा मिळून एक संमिश्र थर तयार होतो, हे जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली. तरीही इनॅमलवरची पकड आजही अधिक भरवशाची मानली जाते. याचा आपल्यासाठी अर्थ असा की, दाताच्या टोकाचा टवका किंवा समोरच्या बाजूचा दोष असेल तर बाँडिंगला चांगली जमीन मिळते. हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळाजवळ मात्र इनॅमल नसते, आणि तिथे तोच लगदा, तोच डॉक्टर असूनही टिकाऊपणा कमी पडू शकतो.

खुर्चीत बसल्यावर काय काय होते?

सगळ्यात आधी रंग जुळवतात, आणि तो आधीच जुळवला पाहिजे. तोंड उघडे ठेवून दात काही मिनिटे कोरडा राहिला की तो मूळ रंगापेक्षा पांढरट, खडूसारखा दिसू लागतो. दात असा कोरडा पडल्यावर रंग निवडला तर संध्याकाळी दात पुन्हा ओलसर होऊन मूळ रंगावर येतो आणि चिकटवलेला भाग त्याच्याशेजारी उठून दिसतो. दंतवैद्यांकडे रंगांचे नमुने लावलेली पट्टी असते. तिच्यावर ए१, ए२, बी१ अशी नावे असतात. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी म्हणजे पिवळसर, सी म्हणजे करडी, डी म्हणजे तांबूस-करडी. शक्यतो खिडकीजवळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, हे नमुने दाताशेजारी धरून पाहावेत. दात आधी ब्लीचिंगने उजळ करून घ्यायचे असतील, तर ते बाँडिंगच्या आधीच करावे, कारण कॉम्पोझिट ब्लीचिंगने उजळत नाही. आणि ब्लीचिंगनंतर एक-दोन आठवडे थांबावे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन राळेला नीट घट्ट होऊ देत नाही.

त्यानंतर दात स्वच्छ करून लाळेपासून वेगळा करतात. उत्तम सोय म्हणजे ‘रबर डॅम’, म्हणजे छिद्र पाडलेला एक रबरी पडदा, ज्यातून फक्त कामाचा दात बाहेर डोकावतो. निदान कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी नळी तरी असायलाच हवी. मग बहुधा निळ्या रंगाची, साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल इनॅमलवर १५ ते ३० सेकंद ठेवतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाकतात. कोरडे केल्यावर तो भाग दहिवर पडल्यासारखा धुरकट पांढरा दिसतो. हातात आरसा असेल तर हा क्षण जरूर पाहावा. दाताला टाकी लागली ती हीच. या क्षणी तिथे लाळ लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पातळ बाँडिंग एजंट, म्हणजे आपल्या उपमेतले सोल्यूशन, लावून झाले की कॉम्पोझिटचे थर चढवतात आणि प्रत्येक थरावर निळा दिवा धरतात. त्या प्रकाशाने जागे होणारे द्रव्य बहुतेक कॉम्पोझिट्समध्ये कॅम्फोरक्विनोन हे असते. ते पिवळे द्रव्य कापरापासून बनते, म्हणजे आरतीच्या तबकातल्या कापराचे भाऊबंदच म्हणायचे. सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने ते राळेच्या रेणूंची साखळी जुळवायला लावते. हा प्रकाश डोळ्यांना चांगला नाही, म्हणून नारिंगी चष्मा किंवा ढाल वापरतात.

थर पातळ का, याचे कारण आपल्या अंगणात सापडते. शेणाने सारवताना एकदम जाड थर दिला की वाळताना भेगा पडतात. कॉम्पोझिटही कडक होताना घनफळाने साधारण दोन-तीन टक्के आकसते आणि सांध्यावर ताण देते. शिवाय प्रकाश खोलवर पोचत नाही. म्हणून नेहमीच्या कॉम्पोझिटचा एक थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड देत नाहीत. शेवटी बारीक डायमंड बर (हिरेकणी लावलेले फिरते टोक), खरखरीत ते मुलायम अशा चकत्या आणि पेस्ट वापरून घासून चकाकी आणतात. एका दाताला यासाठी अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

माझ्या दाताचे पहिले बाँडिंग दोन पेशंटांच्या मध्ये दहा मिनिटांत उरकले गेले होते. कापूस नव्हता, मध्ये दोनदा लाळ गिळल्याचे मला आठवते. दोन महिन्यांच्या आत मक्याचे कणीस खाताना तो कोपरा जसाच्या तसा कणसात राहिला. दुसऱ्यांदा दुसऱ्या दवाखान्यात पाऊण तास गेला. तेव्हा बसवलेला कोपरा आजही आहे.

‘म्हणजे माझा चांगला दात घासणार का?’

ही शंका रास्त आहे, आणि बाँडिंगचा खरा फायदाही याच उत्तरात आहे. कॅपसाठी दात चहूबाजूंनी बराच घासावा लागतो. व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचे पोर्सिलेनचे पातळ कवच, बसवण्यासाठीही बहुतेक वेळा इनॅमलचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर काढावा लागतो, आणि गेलेले इनॅमल परत येत नाही. पुढे जन्मभर त्या दाताला काही ना काही कवच लागणारच. बाँडिंगमध्ये मात्र मुख्यतः भर घालायची असते. टवक्याची धार किंचित तिरकी करून घेतात, आम्लाने काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर जातो, बस्स. वरवरचे काम असेल तर भूल देण्याचीही बहुधा गरज पडत नाही. उद्या पसंत पडले नाही तर कॉम्पोझिट काढून टाकता येते आणि खाली जवळजवळ मूळचाच दात राहतो.

मग व्हिनियर घ्यावेच कशाला? पोर्सिलेनवर डाग चढत नाहीत, त्याची चकाकी वर्षानुवर्षे टिकते, आणि सात-आठ दातांचा रंग-आकार एकदम बदलायचा असेल तर प्रयोगशाळेत घडवलेले काम अधिक सारखे येते. त्यासाठी खर्च कित्येक पट होतो आणि तुटल्यास ते बहुधा संपूर्ण बदलावे लागते. विशी-पंचविशीतल्या निरोगी दातांच्या माणसाला एका टवक्यासाठी कोणी थेट व्हिनियरचा आग्रह करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

फट बुजवण्याचे गणित

समोरच्या दोन दातांमधली फट भाग्याची मानणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. ज्यांना ती नकोशी वाटते, त्यांनी आधी थोडे माप घ्यावे. वरच्या मधल्या दाताची रुंदी सरासरी साडेआठ मिलिमीटर आणि उंची साडेदहाच्या आसपास असते. दोन मिलिमीटरची फट दोन्ही दातांवर वाटून घेतली तर प्रत्येक दात साडेनऊ मिलिमीटर रुंद होतो आणि नजरेला खटकत नाही. फट चार मिलिमीटरची असेल तर तोच दात साडेदहा मिलिमीटर रुंद, म्हणजे जितका उंच तितकाच रुंद होईल आणि हसू चौकोनी पाट्यांसारखे दिसेल. अशा वेळी आधी तारेने दात जवळ आणणे आणि उरलेली किरकोळ फट बाँडिंगने भरणे हाच मार्ग असतो.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लहानपणापासूनची फट वेगळी आणि चाळिशीनंतर नव्याने पडलेली किंवा वाढत चाललेली फट वेगळी. दुसरी बहुधा हिरड्यांच्या आजाराची, म्हणजे बोलीभाषेतल्या पायोरियाची, खूण असते. हाडाचा आधार कमी झाल्याने दात सरकू लागलेले असतात. तिथे फट बुजवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला वरून रंग देणे होय. आधी हिरड्यांचे उपचार, मग सौंदर्य.

तपकिरी डागांचे काय?

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हा प्रश्न जवळचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. हिरडीच्या आत दात घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मूल असे पाणी पीत राहिले तर इनॅमलवर पांढरे ठिपके, पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. यालाच दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. मोठेपणी कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण ते वरून चढलेले नसतात. दात घडतानाच आत शिरलेले असतात. त्यामुळे त्या मुलाला किंवा मुलीला ‘दात घासत नाहीस का’ असे हिणवणे हा निव्वळ अन्याय आहे.

डाग सौम्य असतील तर आधी वरचा अगदी पातळ थर आम्लयुक्त पेस्टने घासून काढणे किंवा ठिपक्यात पातळ राळ मुरवणे असे उपाय करून पाहतात, आणि उरलेल्या गडद भागावर बाँडिंग करतात. फ्लोराइडने भारलेले इनॅमल आम्लाला दाद देत नाही, म्हणून अशा दातावर जेल अधिक वेळ ठेवावी लागू शकते. गडद डागावर पातळ थर दिला तर डाग खालून डोकावतो, जाड दिला तर दात फुगीर दिसतो. त्यामुळे तीव्र फ्लोरोसिसमध्ये व्हिनियर किंवा कॅपचा विचार करावा लागतो.

‘किती वर्षे टिकेल?’

दंतवैद्य साधारणतः तीन ते दहा वर्षे असा पल्ला सांगतात. पल्ला एवढा मोठा असण्याचे कारण अर्धे डॉक्टरच्या हातात आणि अर्धे आपल्या सवयींत असते. कॉम्पोझिट इनॅमलपेक्षा आणि पोर्सिलेनपेक्षा मऊ असते. दातांनी सुपारी फोडणे, उसाचे कांडे सोलणे, बाटलीचे झाकण उघडणे, गजऱ्याचा किंवा शिवणाचा दोरा तोडणे, नखे कुरतडणे यांतली एखादी सवय असेल तर ती आधी सोडावी, नाही तर पैसे वाया जातील. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीसाठी ‘नाइट गार्ड’ करून घ्यावे. ज्यांचे खालचे दात वरच्या दातांच्या कडेवर थेट आपटतात, त्यांच्यात कोपऱ्याचे बाँडिंग पुन्हा पुन्हा निघते. चांगला डॉक्टर काम संपताना रंगीत कागद चावायला देऊन हा आघात तपासतो.

रंगाचे म्हणाल तर चहा, कॉफी, हळद, पान, तंबाखू यांनी कॉम्पोझिट हळूहळू पिवळसर होते. पहिले दोन दिवस हे पदार्थ टाळायला सांगतात, कारण राळ पूर्ण पक्व व्हायला काही तास लागतात. महाराष्ट्रात अजून अनेक घरांत चालणारी मिश्री इथे दुहेरी शत्रू आहे: तिच्यात तंबाखू आहे, आणि ती खरखरीत आहे. राखुंडी आणि हल्ली फॅशनमध्ये आलेली कोळशाची पूडही चकाकी घालवते, आणि चकाकी गेली की डाग अधिक पटकन धरतात. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरले तरी तपकिरी थर बसतो. यातले बरेचसे वरवरचे असते आणि वर्षातून एकदा पॉलिश केल्याने निघते.

‘तोंडात प्लास्टिक ठेवायचे?’

बिस-जीएमए ही राळ बिस्फेनॉल-ए या द्रव्यापासून तयार होते, आणि प्लास्टिकच्या बाटल्यांच्या संदर्भात हे नाव बदनाम आहे. कॉम्पोझिट बसवल्यावर सुरुवातीच्या काही तासांत लाळेत त्याचा अत्यल्प अंश सापडू शकतो, पुढे तो झपाट्याने कमी होतो. हवेच्या संपर्कामुळे सर्वांत वरचा पातळ थर पूर्ण कडक होत नाही. तो पॉलिश करताना निघून जातो आणि चूळ भरल्याने उरलेला अंशही बराच जातो. म्हणून पॉलिश आणि चूळ या गोष्टी टाळू नयेत.

कोणाकडे जावे?

अमेरिकेत परवाना नसताना लोकांच्या दातांवर कवचे बसवणाऱ्या ‘व्हिनियर टेक्निशियन’ मंडळींवर अलीकडे पोलीस कारवाई झाली आहे. आपल्याकडे कायद्यानुसार दंतवैद्यक करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन किट मागवून घरी दातावर काही चिकटवून घेणे धोक्याचे आहे, कारण चिकटवण्याआधी कीड, हिरड्या आणि चावा तपासणारे तिथे कोणी नसते. खर्च दर दातामागे आकारला जातो आणि केवळ सौंदर्यासाठी केलेले काम आरोग्य विम्यात साधारणतः बसत नाही. भाव विचाराल तेव्हा सोबत एवढेही विचारावे: दात कोरडा कसा ठेवणार, आणि एका दाताला किती वेळ देणार?

अपघाताने दात आत्ताच तुटला असेल आणि तुकडा सापडला असेल, तर तो टाकू नये. दुधात किंवा सलाईनमध्ये ओला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावा. अनेकदा तोच तुकडा याच पद्धतीने जागेवर चिकटवता येतो, आणि त्याच्याइतका हुबेहूब रंग कोणत्याही पट्टीवर मिळत नाही. तुटलेल्या जागी गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर दाताची नस उघडी पडलेली असू शकते, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

माझ्या कोपऱ्याच्या सांध्यावर मध्यंतरी एक बारीक तपकिरी रेघ आली. आता सगळे काढून नव्याने करावे लागणार, अशी माझी समजूत. डॉक्टरांनी कड तपासली, खाली कीड नसल्याची खात्री केली, रेघेपुरता भाग घासून काढला, जुने कॉम्पोझिट खरखरीत करून त्यावर नवा पातळ थर दिला आणि पंचवीस मिनिटांत सोडले. आम्लाची निळी जेल तेवढ्या जागेवरही त्यांनी लावलीच, आणि कापूस तर त्याआधीच गालात बसला होता.